सुमंत

'सुमंत' हा शब्द हळू उच्चारावा, कारण त्याच्या मागे एक रथ उभा आहे. दशरथाचा सुमंत्र सारथीही होता आणि मंत्रीही. रामाला वनाकडे नेताना लगाम त्याच्याच हाती होते, आणि गंगातीरावरून रिकामा रथ घेऊन परतल्यावर राजापुढे उभे राहून घडलेले सांगण्याचे दुःखही त्याच्याच वाट्याला आले.

शिवछत्रपतींच्या दरबारी परराज्यांशी बोलणी करणारा प्रधान आधी 'डबीर' म्हणवला जाई, म्हणजे फारसीतला लिहिणारा. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी तो 'सुमंत' झाला, आणि तेव्हा रामचंद्र त्रिंबक त्या पदावर होते. अष्टप्रधानांत पंडितराव आणि न्यायाधीश सोडले, तर बाकीच्यांनी प्रसंगी मोहिमेवर जावे असा दंडक होता; म्हणजे ज्याच्या शब्दावर तह किंवा युद्ध ठरायचे, त्या सुमंताने युद्धाची धूळही अंगावर घ्यायची. मला या शब्दाचा खरा अर्थ इथे दिसतो: शब्द नेणाऱ्याने शब्दाबरोबर स्वतःही जावे.

सुमंतपद गेले, पण हा अर्थ आपल्या सोलापूरने पुढे जपला. १९३७ च्या अखेरीस चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले. म्हणजे परक्या देशाशी नाते जोडायला त्या वेळी एक सैन्यच पुढे आले होते, आणि सुभाषबाबू अध्यक्ष असलेल्या काँग्रेसने १९३८ मध्ये उत्तरादाखल पाच डॉक्टर पाठवले. त्यांत आपले द्वारकानाथ कोटणीस होते. (आडनाव पाहा: कोट म्हणजे किल्ला, आणि 'नीस' हा फारसीतला 'नवीस', पुन्हा लिहिणाराच!) पाचही जणांनी आपल्या चिनी नावांना 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर जोडले. कोटणीस चिनी शिकले, त्या सेनेच्या जखमींवर डोंगरदऱ्यांत शस्त्रक्रिया करत राहिले, १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले, आणि मुलाचे नाव यिनहुआ ठेवले गेले. यिन म्हणजे भारत. सुमंत्राचा रथ निदान रिकामा तरी परतला होता. कोटणीस परतलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले.

सोलापुरातल्या भैय्या चौकातले त्यांचे घर आता स्मारक आहे. सिद्धेश्वराच्या दर्शनाला याल, तेव्हा तिथेही थोडा वेळ थांबा.