पुढच्या आठवड्याची ड्युटी

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसाचं घर ड्युटीच्या तक्त्यावर चालतं. मुलाला शाळेतून कोण आणणार, सासूबाईंना दवाखान्यात कधी न्यायचं, गावच्या लग्नाला हो म्हणायचं की नाही, हे सगळं पुढच्या आठवड्याची ड्युटी कळल्यावरच ठरतं. पूर्वी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर पट्टीने रेघा मारून हा तक्ता करायच्या. कुणाची नाईट संपतेय, कुणाची रजा आहे, सगळं ध्यानात ठेवून. आता अनेक रुग्णालयांत, मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये हे काम सॉफ्टवेअर करतं. एकाच माणसाची ड्युटी दोन ठिकाणी लागली तर ते लगेच दाखवतं आणि तक्ता सगळ्यांच्या मोबाइलवर एकदमच पोचतो. ही सोय मोठी आहे आणि ती हवीच.

काळजी वाटते ती बदल सोपा झाल्याची. बोर्डावरच्या कागदात खाडाखोड केली की ती चारचौघांना दिसायची, कुणीतरी जाब विचारायचं. स्क्रीनवर रात्री दहाला एक चौकट सरकवली की उद्याची सकाळपाळी दुपारची होते. सरकवणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. धावपळ होते ती दुसऱ्याच्या घरात.

अमेरिकेतल्या दुकानांमधल्या कामगारांनी हे आधी भोगलं. तिथलं सॉफ्टवेअर विक्रीचा अंदाज बांधून माणसं लावायचं आणि कमी करायचं. रात्री दुकान बंद करणाऱ्यालाच पहाटे ते उघडायला यावं लागायचं. 2014 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने स्टारबक्समधल्या एका तरुण आईची अशी ओढाताण छापली, तेव्हा कंपनीला पद्धत बदलण्याची घोषणा करावी लागली. ओरेगन राज्याने 2017 मध्ये कायदाच केला. किरकोळ विक्री, हॉटेल आणि खाद्यगृहांतल्या मोठ्या मालकांना आता तिथे 14 दिवस आधी वेळापत्रक द्यावं लागतं आणि नंतर बदल केला तर बहुतेक वेळा जादा पैसे मोजावे लागतात. यात मालक बुडतो असंही नाही. गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या काही दुकानांत संशोधकांनी पाळ्या स्थिर केल्या आणि कामगारांना आपसात ड्युटी बदलून घेण्यासाठी ॲप दिलं. 2018 मध्ये निष्कर्ष आले: त्या दुकानांची विक्री सुमारे 7 टक्क्यांनी वाढली होती. मला हे स्वाभाविक वाटतं. घरची घडी बसलेला माणूस गिऱ्हाइकाकडे नीट लक्ष देतो.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने कामाच्या वेळांची सूचना कामगारांना समजेल अशा भाषेत लावणं बंधनकारक केलं होतं आणि त्या सूचनेबाहेर प्रौढ कामगाराकडून काम करवून घ्यायला मनाई केली होती. लावलेला कागद मालकालाही बांधत होता. मोबाइलवरच्या तक्त्याला ते बळ का नसावं?

खरं तर सॉफ्टवेअरला हे कागदापेक्षा सोपं आहे. कोणता बदल कुणी, किती वाजता केला याची नोंद त्यात ठेवता येते. म्हणून माझी मागणी साधी आहे. ॲप मराठीत असावं. दोन आठवडे आधी तक्ता कायम व्हावा. त्यानंतरचा बदल कामगाराने स्वतः होकार दिल्याशिवाय लागू होऊ नये. नकार दिला म्हणून त्याच्या पुढच्या पाळ्या कापल्या जाऊ नयेत. आणि ऐनवेळच्या बदलाचे पैसे अर्ज न करता त्याच महिन्याच्या पगारात यावेत.