सरकारी खरेदीतील सारासारविवेक

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणे येतात ती बहुधा मोठ्या प्रसंगांची. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा किंवा न्यायासाठी पुत्रास शासन करणारा न्यायाधीश यांच्या कथांवरून धर्माधर्माचा निर्णय करण्याची आपणांस सवय झाली आहे. परंतु आजच्या राज्यव्यवस्थेत सामान्य माणसाचे बरेवाईट ज्या निर्णयांनी होते, ते दिसावयास फार साधे असतात. खडू, खुर्च्या, सिमेंट, औषधे यांची मागणी नोंदवणे, निविदा काढणे, दर ताडून पाहणे व माल ताब्यात घेणे यांत सरकारी खात्यांचा केवढा तरी काळ जातो. हे काम कारकुनी खरे. पण त्याच्या तळाशी एक अस्सल नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी वस्तू विकत घेणाऱ्याने सर्व वस्तूंना एकच नियम लावावा, की वस्तूवस्तूंत भेद करावा?

घरात हा प्रश्न उद्भवत नाही. वऱ्हाडातील कोणतीही संसारदक्ष गृहिणी घ्या. ज्वारी आणि तूर ती सुगीच्या सुमारास, भाव उतरलेला पाहून, वर्षाची बेगमी म्हणून भरून ठेवते. भाजी रोजची रोज घेते व तेथे दोन रुपयांसाठी घासाघीस करते. सोने घेताना मात्र ओळखीचा सोनार सोडून, थोडे स्वस्त म्हणून, परक्या पेढीवर जात नाही. आणि तापाने फणफणलेल्या मुलासाठी औषध आणताना तर भावाची चौकशीही करीत नाही. एकाच बाईच्या या चार रीती परस्परविरोधी नव्हेत. ही वस्तू नसली किंवा वाईट निघाली तर काय बिघडेल, आणि ती वेळेवर मिळणे कितपत कठीण आहे, या दोन गोष्टी तिने मनाशी जोखलेल्या असतात. पीटर क्राल्जिक याने १९८३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये खरेदीच्या वस्तूंची चार वर्गांत विभागणी करण्याची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशीही जवळजवळ हेच दोन प्रश्न आहेत. त्याने कारखानदारांपुढे नफ्याचा विचार ठेवला. सरकारास त्या जागी प्रजेच्या हिताचा विचार ठेवावा लागेल, एवढाच फरक.

असे असता सरकारी कचेरीत मात्र सब घोडे बारा टक्के हा न्याय फार काळ चालत आला आहे. खुर्ची असो वा औषध, ज्याचा दर सर्वांत कमी त्याचा माल घ्यावा, म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत तेथे रुजली. या समजुतीची थट्टा करणे सोपे आहे. परंतु तिच्या पाठीशी एक सबळ कारण आहे, ते नाकारणे अन्यायाचे होईल. कौटिल्याने राजाच्या द्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार मोजून ठेवले आहेत, आणि पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही तसेच अधिकाऱ्याचे, असे त्याचे मत आहे. ज्यांचा पैसा आहे ते लक्षावधी लोक खरेदीच्या वेळी हजर नसतात. अशा स्थितीत “मला हा माल बरा वाटला” या अधिकाऱ्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा? सर्वांत कमी दर हा आकडा आहे, आणि आकड्याला भाऊबंद नसतात. प्रामाणिक मनुष्यास या नियमाने संशयापासून कवच मिळते व लबाडास काही अंशी आळा बसतो. म्हणून हा नियम मूर्खपणाचा नव्हे. तो अपुरा आहे.

किती अपुरा, हे महाराष्ट्राने जबर किंमत देऊन पाहिले आहे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. औषध म्हणून त्यांच्या पोटात गेलेला पदार्थ कारखान्यांत वापरावयाच्या जातीचा असून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुढे जी चौकशी केली, तीत पुरवठादारापासून खरेदी, तपासणी आणि देखरेख यांपर्यंत सर्वांवर दोष आला. नीतीच्या दृष्टीने यात विचार करण्यासारखी गोष्ट ही की, पदार्थाचे नाव एकच होते, जाती मात्र दोन होत्या. कागदावर नाव जुळले म्हणजे वस्तू जुळली, असे मानणारी पद्धत येथे प्राणघातक ठरली. विषम वस्तूंना सम मानणे हीदेखील एक प्रकारची अनीतीच आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या पूर्वजांस ही गोष्ट अपरिचित नव्हती. कोशात येणाऱ्या मालाचे कौटिल्याने रत्न, सार, फल्गु व कुप्य असे वर्ग केले आणि प्रत्येक वर्गाचा माल त्या त्या वर्गाच्या जाणत्यांसमक्ष स्वीकारावा, असे सांगितले. धान्यकोठारातील अर्धा साठा प्रजेवरील आपत्तीसाठी राखून ठेवावा व जुना माल काढून नवा भरीत जावा, हीही त्याचीच शिकवण. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी असाच सूक्ष्म भेद आढळतो. सागवान वगैरे लागेल ते परवानगीने राज्यातील अरण्यातून तोडावे, अधिक लागेल ते बाहेरून विकत आणावे. परंतु आंबा व फणस ही झाडे कामाची असूनही त्यांस हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झालेच असेल, तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन घ्यावे. लाकूड म्हणून आंबा आणि साग यांत फरक थोडा. परंतु एकाच्या तोडीने कोणाचे घर दुखावते हे पाहून अमात्यांनी त्यांचे वर्ग निराळे पाडले. वस्तूचे वर्गीकरण माणसांवरील परिणामावरून करावे, हा धडा आजच्या कोणत्याही खात्याने गिरवावा असा आहे.

तो परिणाम राजधानीतून दिसत नाही. तो पाहावयास वाटेच्या शेवटच्या टोकाला जावे लागते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा हे गाव उदाहरणार्थ घेऊ. पावसाळ्यात सोयाबीनच्या शेतात निंदणीस गेलेल्या एखाद्या बाईस साप चावला, तर तिच्या दृष्टीने शासनाच्या सर्व खरेदीचा अर्थ एकाच प्रश्नात एकवटतो : जवळच्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस आहे की नाही? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर उतारा असलेली ही लस देशात मोजकेच कारखाने करतात. तिला मुदत असते, तिच्याऐवजी दुसरे काही चालत नाही, आणि खात्याच्या एकंदर खर्चात तिचा वाटा अगदी अल्प असतो. आता हिशेबनीसाच्या वहीत खर्चाच्या क्रमाने वस्तू मांडल्या तर लस पार तळाला जाईल व इमारतीचे सामान शिरोभागी येईल. खुर्च्या तीन महिने उशिरा आल्या तर कोणी उभे राहील. लस तीन तास उशिरा आली तर काय होईल ते सांगावयास नको. तेव्हा खुर्चीसाठी स्वस्ताई हा गुण पुरे. लसीसाठी आधी साठा, मग खात्रीचे पुरवठादार, आणि शेवटी किंमत, असाच क्रम लावला पाहिजे.

महाराष्ट्राने औषधखरेदीची व्यवस्था पुनःपुन्हा बदलून पाहिली आहे. २०१७ साली ती हाफकिन महामंडळाकडे एकवटली, आणि २०२३ साली कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केले. तामिळनाडूने असे महामंडळ १९९४ सालीच काढले व प्रत्येक रुग्णालयास बँकेसारखे पासबुक देऊन आपल्या वाट्याचा माल उचलण्याची सोय केली. खरेदी एके ठिकाणी व्हावी, पण मागणी ज्याच्या त्याच्या गरजेवरून यावी, ही त्यातील मख्खी आहे. नुसते कचेरीचे नाव बदलल्याने ती साधत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वस्तूंचे वर्ग पाडण्याची मोकळीक अधिकाऱ्यास दिली म्हणजे लबाडीला मागचे दार उघडून दिल्यासारखेच नाही काय? मर्जीतल्या माणसाचा माल तो ‘तातडीचा’ ठरवील किंवा त्याच्याच मापाची वर्णने निविदेत घालील. असे घडते, हे खोटे नाही. परंतु यावरून निघणारे अनुमान विवेक वर्ज्य करावा हे नसून, तो कोणत्या जागी व कोणत्या वेळी वापरावा हे ठरवावे, असे आहे. ‘ही वस्तू कोणत्या वर्गातली?’ आणि ‘ती कोणाकडून घ्यावी?’ हे दोन प्रश्न भिन्न आहेत. पहिला विवेकाचा विषय आहे, दुसरा नियमाचा. पहिल्याचे उत्तर वर्षारंभी, एकही विक्रेता समोर नसताना, कारणांसह लिहून प्रसिद्ध करावे. मग दुसऱ्याच्या उत्तरात अधिकाऱ्याची मर्जी शिरावयास फारशी जागा उरत नाही. जे तत्त्व उघड बोलून दाखवता येत नाही ते न्याय्य असू शकत नाही, अशी कसोटी कांटने १७९५ साली राजनीतीस लावली होती. येथेही तीच पुरेशी आहे. ‘ही वस्तू मी तातडीची ठरवतो, कारण…’ हे वाक्य ज्यास चारचौघांत पुरे करता येत नाही, त्याचे वर्गीकरण विवेकाचे नव्हे, संगनमताचे होय.

नियमांनी ही वाट बंद केलेली नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्रीय वित्तखात्याने विशिष्ट कामे व सेवा यांच्या निविदांत गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. मुभा वापरावयाची म्हणजे कारण लिहावे लागते आणि कारण लिहिले म्हणजे जबाबदारी अंगावर येते. म्हणून सर्वांत कमी दराच्या आडोशाला राहणे पुष्कळांस सोयीचे वाटते.

न सांगितलेली प्रतवारी किती झोंबते, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. १९७२ पासून कित्येक वर्षे सरकारच त्याच्या कापसाचे एकमेव गिऱ्हाईक होते. वर्षाच्या घामाची किंमत केंद्रावर उभ्याउभ्या ठरे. कापूस अमुक प्रतीचा का आणि तमुक प्रतीचा का नाही, यावरून तंटे होत. कापसात प्रती असतात हे त्यास मान्यच होते. त्याचे म्हणणे एवढेच, की प्रत लावणाऱ्याने कारण सांगावे.

तात्पर्य, ‘सर्व नियमाप्रमाणे झाले’ हे वाक्य सरकारी नोकराच्या बचावास पुरेसे असेल, पण त्याच्या कर्तव्यास पुरेसे नाही. नियम पाळला की चोरी टळते. गरज भागली की नाही, हे त्याने कळत नाही. शेतात साप चावलेल्या त्या बाईने निविदा पाहिलेली नसते आणि दरांचा तक्ताही तिला ठाऊक नसतो. तिच्या वतीने कोणीतरी, सहा महिने आधी, लस आणि खुर्ची यांतला भेद ओळखून तो कागदावर लिहिलेला असावा, एवढाच तिचा राज्यावर हक्क आहे. आणि हा हक्क लहान नाही.