या वाक्यातला कर्ता चुकला

बस. खुर्ची ओढ, बस, आणि तो कागद टेबलावर सरळ उघडून ठेव. खिशात घडी करून लपवायला ते सहामाहीचं प्रगतिपुस्तक नाही. पंचेचाळिशीला आलास, तारापूर एमआयडीसीत तुझा स्वतःचा प्लॉट आहे, चाळीस माणसं तुझ्या गेटवर हजेरी लावतात. आणि वकिलातीचं एक पानी नकारपत्र वाचून घ्यायला तुला बोईसरहून पालघरला बाईंकडे यावं लागतं. आलास ते बरं केलंस. पण आता पूर्ण ऐकून जायचं.

दारात चपला काढता काढता काय म्हणालास? ‘बाई, व्हिसावाल्यांनी माझं नुकसान केलं.’ मी तुला तीन वर्षं व्याकरण शिकवलं आहे. या वाक्यातला कर्ता चुकला. वाक्य परत लिही: मी माझं नुकसान केलं.

पत्रात दोन चौकटींवर खुणा आहेत. एकीचा अर्थ, कशासाठी चाललात ते पटेल असं काही तुम्ही दिलेलं नाही. दुसरीचा अर्थ, जे दिलंत त्यावर विश्वास ठेवता येत नाही. हे पत्र आठ दिवस तुझ्या ड्रॉवरमध्ये होतं आणि तू ते एजंटकडून फोनवर ‘समजून’ घेतलंस. तो म्हणाला, नशीब खराब, परत टाकू. तू मान डोलावलीस.

अर्जाची प्रत मागितली तर तुझ्याकडे नव्हती. माझ्यासमोर एजंटला मेसेज करून मागवलीस. स्वतःच्या सहीचा कागद, तोही दुसऱ्याकडून मागवायचा! मग आपण दोघांनी तो वाचला. खरं तर तू आज पहिल्यांदाच वाचलास, तुझा चेहरा मी बघत होते.

मेळावा फ्रँकफर्टला. औषधांच्या कच्च्या मालाचा सीपीएचआय, २८ ते ३० ऑक्टोबर २०२५. तुझी दोन गिऱ्हाइकं तिथे भेटणार होती, बोलणी ठरली होती. काम खरं होतं, म्हणूनच माझा जीव जास्त जळतो. आणि अर्ज कुठे? दुसऱ्याच देशाकडे, कारण तिथली अपॉइंटमेंट लवकर मिळत होती. युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम साधा आहे: ज्या देशात मुख्य काम किंवा जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर पहिलं पाऊल जिथे पडणार त्याच्याकडे. मग तो खोटा मुख्य मुक्काम खरा दिसावा म्हणून एजंटने त्या देशातलं पाच रात्रींचं हॉटेल दाखवलं, आणि ते अर्ज टाकल्यावर रद्दही केलं. हेतूच्या रकान्यात ‘पर्यटन’. सोबत जोडलेलं पत्र मात्र धंद्याचं. आणि त्या पत्रात तिसऱ्या ओळीत तू सुरतेला साड्यांचा व्यापार करतोस! दुसऱ्या कुणाचं पत्र उचललं, नाव बदललं, धंदा बदलायचा राहिला. खाली सही तुझी.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सहा महिने सेव्हिंग खात्यात जेमतेम हजारांत शिल्लक आणि शेवटच्या आठवड्यात एकदम साडेचार लाख. तुझ्या फर्मच्या करंट खात्यात वर्षभर खरी उलाढाल आहे. जीएसटी भरतोस, तीन वर्षांचे आयटीआर सीएच्या कपाटात पडले आहेत, उद्यम रजिस्ट्रेशन आहे, भागीदारीपत्र आहे, आयात-निर्यात कोड आहे. हे खरं सगळं घरी ठेवलंस आणि उसने पैसे दाखवलेस. हे मला अजून कळत नाही. गरिबाने उसनवारी केली तर समजू शकते. तुझ्याकडे खरं असताना खोटं कशाला?

मागच्या दिवाळीत तू फराळाला आला होतास तेव्हा मला अर्धा तास तुझा कारखाना समजावून सांगत होतास, आणि मी कौतुकाने ऐकत होते. रिअॅक्टरमध्ये एक पिशवी चढवायची तरी बॅच रेकॉर्डवर दोन सह्या, चढवणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, नसेल तर ड्रम गेटबाहेर जात नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारायची, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. ऑडिटरला एका पानावर पांढरी शाई दिसली तर तो ते एक पान बाजूला काढत नाही, सगळी फाइल संशयात जाते. तुझेच शब्द आहेत हे. मग वकिलातीतला माणूस दुसरं काय करतो? त्याला साड्या दिसल्या, पर्यटन दिसलं, आठवड्यात उगवलेले साडेचार लाख दिसले. त्याने फाइल बंद केली. तू त्याच्या जागी असतास तर हेच केलं असतंस. नसतं केलंस, तर तुझा माल कुणी घेऊ नये असं मी म्हणेन.

आणि ‘व्हिसावाले’ म्हणजे नेमके कोण हे तरी माहीत आहे का? जिथे तू बोटांचे ठसे दिलेस, रांगेत उभा राहिलास, ते व्हीएफएसचं केंद्र. ही कंपनी आपल्याच मुंबईत २००१ मध्ये सुरू झाली. ती कागद गोळा करते, ठसे घेते, पासपोर्ट परत देते. निर्णय तिच्या हातात नसतो, तो वकिलातीचा. त्याआधी लोक वकिलातींच्या दारातच उभे राहत. माझ्या भावाबरोबर मी अमेरिकन वकिलातीबाहेर पहाटेपासून उभी होते, ती तेव्हा ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती. आम्ही आदल्या रात्री प्रत्येक कागद वाचला होता, कारण आत बाई नसणार, भाऊ एकटा असणार होता.

‘आम्ही मराठी मीडियमवाले’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. ते मला लागतं, कारण तो ठपका माझ्यावर येतो. अर्जात विचारलेलं काय असतं? नाव, जन्मस्थळ, कशाला जाता, कुठे राहणार, खर्च कोण करणार. यातला कुठला शब्द तुला येत नव्हता? तू इंग्रजीतून मालाची कोटेशनं पाठवतोस. तुला भाषा कमी पडली नाही, तू वाचण्याचा कंटाळा केलास. आणि आपल्या भागाला परदेश नवा आहे असंही समजू नकोस. सोपारा आपल्याच जिल्ह्यातलं, दोन हजार वर्षांपूर्वी तिथे परदेशी गलबतं लागत होती. तारापूरचं अणुवीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा मी शाळकरी होते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या त्या अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. तेव्हापासून या किनाऱ्याने परदेशी तंत्रज्ञ बघितले आहेत. तेही कागदपत्रं करूनच आले होते.

नावाचंही बघ. दहावीचा फॉर्म भरताना मी तुला सांगितलं होतं, इंग्रजी स्पेलिंग आत्ता ठरव आणि आयुष्यभर तेच ठेव. पासपोर्टात तुझ्या नावात दोन ‘ई’, पॅनवर एक ‘आय’. आपल्याकडे आडनाव आधी लिहायची सवय, पासपोर्टात सरनेमचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये बसतं, कधी बसत नाही. हे दुरुस्त होतं, पण त्याला महिने लागतात. तू जागा झालास कधी? गणपतीचं विसर्जन झाल्यावर. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, शंका आली तर पंचेचाळीसपर्यंत. मेळाव्याच्या तारखा वर्षभर आधी जाहीर असतात. घाईत माणूस एजंटच्या हातात सापडतो, आणि घाई तू स्वतः तयार केलीस.

आता भाच्याचं बोलू. मान वर कर.

अर्जाच्या गठ्ठ्यात दुसराही एक अर्ज होता, तो तू मला सांगितला नव्हतास. बारावीत दोनदा नापास झालेला एकवीस वर्षांचा मुलगा, तुझ्या लेटरहेडवर ‘मार्केटिंग मॅनेजर’, पगार पंचाऐंशी हजार. तो मेळाव्याला जाणार, आणि परत येणार नाही. तिथे कुणाच्या तरी हॉटेलात कामाला लागणार. ताईने रडून सांगितलं म्हणून तू हो म्हणालास. बिझनेस व्हिसा बोलणी करायला असतो, मेळावा बघायला, करार करायला. तिथे नोकरी करायला तो नसतो. त्यावर राहता येतं ते कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर येण्याजाण्याची नोंद चेहरा आणि ठशांसकट संगणकात घ्यायला सुरुवात झाली आहे. मुदत संपल्याचं यंत्रच सांगतं.

गृहीत धर तो पोचला असता. आजारी पडला तर दवाखान्यात जायला भिणार, मालकाने पगार बुडवला तर तक्रार करणार कुणाकडे? आजी गेली तरी येता येणार नाही, कारण एकदा बाहेर पडला की पुन्हा दार बंद. याला तू मदत म्हणतोस? आपल्याकडे याला शब्द आहे, कबूतरबाजी. मंडळात कलाकार म्हणून, संघात खेळाडू म्हणून माणसं नेऊन सोडणारे लोक या देशात कोर्टाच्या पायऱ्या चढले आहेत. खोटा पगाराचा दाखला तू दिलास, शिक्का तुझ्या फर्मचा आहे. खोटा कागद करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा इथेही गुन्हा आहे, तिथेही. अमेरिकेच्या कायद्यात तर व्हिसासाठी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली की प्रवेशाला कायमचा अडसर बसतो. ब्रिटन फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत दार बंद ठेवतं.

आणि हे फक्त तुमचं दोघांचं नाही. उद्या सालवडचा, कुंभवलीचा, पास्थळचा एखादा खरा कारखानदार खरं आमंत्रण घेऊन अर्ज करेल. त्याच्या लेटरहेडवरही तारापूर एमआयडीसी छापलेलं असेल. ते नाव कागदावर दिसल्यावर समोरच्याच्या मनात आधी शंका यावी, असं तू करायला निघाला होतास. माझे किती विद्यार्थी त्या पट्ट्यात आहेत तुला माहीत आहे. त्यांचीही मी बाई आहे.

आता नुकसान मोज. फी ९० युरो, नऊ हजारांच्या आसपास, ती परत मिळत नाही. एजंटचे पस्तीस हजार गेले. पण पैसे सोड. नकाराची नोंद शेंगेनच्या माहितीसाठ्यात पाच वर्षं राहते, त्यातल्या कुठल्याही देशाकडे अर्ज केलास तरी दिसते. ब्रिटनच्या अर्जात तर कुठल्याही देशाने नकार दिला होता का, असा थेट प्रश्न असतो. तिथे ‘नाही’ लिहायचा विचारसुद्धा करू नकोस. याच्या उलट सरळ चालणाऱ्याला काय मिळतं बघ: एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम झाला आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले तर पुढे दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. तुझ्या शेजारच्या प्लॉटवाल्याला तो मिळेल. तुला आधी हा डाग पुसावा लागेल.

जर्मनीकडे जाऊन हरकत घेऊ, असं एजंट म्हणतो? पहिली गोष्ट, तुझा नकार जर्मनीचा नाहीच. दुसरी, जर्मनीने ती हरकतीची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता तिथेही कोर्ट किंवा नवा अर्ज एवढेच मार्ग. ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात तू पासपोर्ट दिलास.

यंदाचा मेळावा गेला. पुढचा मिलानला, ऑक्टोबर २०२६. म्हणजे अर्ज इटलीकडे, आणि कागद जमवायला आजपासून सुरुवात. फार्मेक्सिल, केमेक्सिल ही नावं ऐकली आहेस का? सरकारने निर्यातदारांसाठी काढलेल्या परिषदा आहेत. केमेक्सिल १९६३ पासून मुंबईत आहे. त्या आपल्या सभासदांना अशा मेळाव्यांना घेऊन जातात, केंद्राच्या योजनेतून खर्चाचा काही भागही पात्र लोकांना परत मिळतो. एजंटला पस्तीस हजार मोजण्याआधी यांची चौकशी करायची होती.

विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालणारा, दोन पानं कोरी. आयटीआर, करंट खात्याचं स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्याचं, भागीदारीपत्र. गिऱ्हाइकाला लिहून त्यांच्याकडून आमंत्रण घे: कुणाला भेटणार, कुठल्या दिवशी, कुठल्या मालाबद्दल. आणि पत्र तू लिहायचं. आधी मराठीत लिही. मी कोण, माझ्या कारखान्यात काय होतं, मी कशाला चाललो आहे, मी नसताना शिफ्ट कोण बघणार, मी कुठल्या तारखेला परत येणार आणि का. मागच्या वेळी नकार का आला तेही लिही, चूक माझी होती असं स्वच्छ लिही. एक पान. मग त्याचं इंग्रजी करू.

भाच्यासाठी खोटा दाखला दिलास, तो एजंटकडून परत मागून घे आणि माझ्यासमोर फाड. त्या मुलाला फिटरचं काम येतं म्हणतोस ना? आयटीआयचे प्रवेश उन्हाळ्यात निघतात. तोपर्यंत तुझ्याच मेंटेनन्समध्ये घे, खऱ्या पगारावर, खऱ्या नावाने. ताईशी मी बोलेन.

रविवारी ये. दहाच्या आत ये, नंतर मला बाजारात जायचं आहे. पत्राचा पहिला मसुदा पेन्सिलने लिहून आण, समासासाठी जागा सोड. आणि त्या मुलाला बरोबर आण.