सावधान!

जालना जिल्ह्यांतील कुंभार पिंपळगांवापासून जांब हें गांव जवळच आहे. समर्थ रामदासांचें तें जन्मस्थान. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा असतां 'सावधान' हा शब्द त्याच्या कानीं पडला आणि तो मंडपांतून पळून गेला, ही कथा या मुलुखांतील पोरासोरांसहि ठाऊक आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा वाद आपण बाजूस ठेवूं. मला विचार पडतो तो अंतरपाटापलीकडील मुलीचा. तो शब्द तिनेंहि ऐकलाच असेल. परंतु कशाविषयीं सावध राहावयाचें, हें तिला कोणी सांगितलें होतें काय?

आज तरी आपण सांगतों काय? 2019 ते 2021 या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें 22 जणींचीं लग्नें अठराव्या वर्षापूर्वींच झालेलीं होतीं. मराठवाड्यांतून ऊसतोडीसाठीं बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्या आईबापांपुढें, वयांत आलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी हा प्रश्न असतो, आणि लग्न हें त्याचें सोपें उत्तर ठरतें. त्यांच्या अडचणीस मी नांवें ठेवीत नाहीं. मला नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. त्याच मुलीला शरीरधर्म, गर्भधारणा व ती टाळण्याचे उपाय शाळेंत शिकवावे असें कोणी सुचविलें, कीं लागलीच उत्तर येतें, 'ती अजून लहान आहे!' आई होण्याइतकी जी मोठी झाली, ती आई कशी होते हें समजण्यास मात्र लहान.

हा तर्कदोष केवळ निरक्षरांचा नव्हे. माझ्या एका पदवीधर स्नेह्यांनीं, मुलीस अठरा पुरीं होतांच लग्न उरकण्याचा आपला बेत मला मोठ्या उत्साहानें सांगितला. आणि त्याच बैठकींत, शाळेंतील मास्तरांनीं प्रजननावरील प्रकरण वगळलें याबद्दल समाधानहि व्यक्त केलें. दोहोंमधील विसंगति त्यांच्या ध्यानींमनींहि नव्हती.

हा वाद महाराष्ट्रास नवा नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं 1921 सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. या कार्यापायीं विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी त्यांस सोडावी लागली. 1927 पासून 1953 सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. वाचकांच्या कामविषयक प्रश्नांस छापील उत्तरें दिलीं म्हणून 1934 सालीं त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ते प्रश्न कर्व्यांनीं उपजविले नव्हते. ते लोकांच्या मनांत होतेच. गुन्हा ठरलें तें उत्तर. पुढें 2007 सालीं महाराष्ट्रांत शालेय लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली, तेव्हांहि मुलांच्या मनांतील प्रश्न कांहीं हद्दपार झाले नाहींत. आज त्यांचें उत्तर देण्यास हातांतील मोबाइल तत्पर आहे, आणि त्याचें उत्तर कसें असतें हें आईबापांनीं एकदां पाहावें.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें क्षुद्र आहे असें मात्र कोणी समजूं नये. डिसेंबर 1935 मध्यें मार्गारेट सँगरबाई वर्ध्यास महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हां कृत्रिम साधनांऐवजीं आत्मसंयम हाच मार्ग, असा गांधीजींचा आग्रह होता. साधनें सुलभ झालीं कीं मन सैल होईल, ही सामान्य बापाची भीतिहि त्याच जातीची आहे. संयमाचें मोल मीहि मानतों. परंतु ज्यास वाटच ठाऊक नाहीं तो घरीं बसला, तर त्यास कोणी विरक्त म्हणत नाहीं. संयम ही निवड आहे, आणि जाणल्यावांचून निवड होत नाहीं. अज्ञानास निष्पापपणा समजणें हीच आपली मूळ चूक होय.

ज्ञानाचा प्रश्न मला असा सरळ दिसतो. साधनांचा तितका सरळ नाहीं. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीस अर्थ नाहीं, व असा संबंध कळतांच पोलिसांस वर्दी देणें डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलांच्या रक्षणासाठीं केलेला हा कायदा योग्यच. पण त्याच्याच धाकानें एखादी भ्यालेली मुलगी डॉक्टरकडे न जातां वैदूकडे जाईल. ही अडचण जाणून सर्वोच्च न्यायालयानें 29 सप्टेंबर 2022 रोजीं असें सांगितलें कीं, गर्भपातासाठीं आलेल्या अल्पवयीन मुलीनें व तिच्या पालकांनीं विनंति केल्यास डॉक्टरनें वर्दींत तिचें नांव उघड करण्याची आवश्यकता नाहीं. साधनें मुलांना खिरापतीसारखीं वाटावींत, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु दाराशीं आलेल्या मुलीस आधीं साह्य आणि मग उपदेश, हा क्रम उलटा करण्याचा अधिकार आपणांस आहे, असें मला वाटत नाहीं.

नारायणास एका शब्दानें वाट दाखविली, कारण त्या शब्दाचा अर्थ त्याला कळला. आपणहि मंडपांत तोच शब्द ऐकून अक्षता टाकतों, जेवून घरीं येतों. त्याचा अर्थ मुलींना आणि मुलांना वेळेवर सांगणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे. तें अवघड वाटतें, हें खरें. पण तें आपणांस अवघड वाटतें म्हणून त्याचें मोल मुलांनीं भरावें, हा न्याय नव्हे.