योग्य वेळी वारसा स्वाधीन करा



भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, तो तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांसाठी आहे. दिशांना नुसते हात जोडून काही साधत नाही. माणसाने माणसाशी असलेली कर्तव्ये पाळणे हीच दिशांची खरी पूजा, हा त्याचा गाभा. त्यात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याकडे वळवावे, पोटापाण्याची विद्या शिकवावी, योग्य ठिकाणी विवाह करून द्यावा. आणि पाचवे असे की, योग्य वेळी वारसा त्यांच्या स्वाधीन करावा.

पहिल्या चारांविषयी आपण पुष्कळ बोलतो. पाचव्याविषयी बोलू लागले की उत्तर येते, "आमच्याजवळ वारसा तो कसला? ना वाडा, ना मळा." आपल्या पणजोबांच्या बाबतीत हे खरे होते. आज ते खरे नाही. आज तुमच्या खिशातील मोबाइलमध्ये बँकेचे खाते आहे, विम्याची पावती आहे, मुलांची गुणपत्रके आहेत, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा फोटो आहे, आईच्या आवाजातले जात्यावरचे गाणे आहे. हा सर्व वारसाच आहे. आणि त्याला कुलूप आहे. त्या कुलपाची किल्ली तुमच्या बोटाच्या ठशात किंवा तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही नसाल तर ते कुलूप कोण उघडील?

"असे अभद्र कशाला बोलता?" असे कोणी म्हणेल. पण विचार करा, मरणाचा उच्चार केल्याने मरण येते ही समजूत कोणाची? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मेलेल्या माणसाला पिंड पोहोचत नाही, हे आपण जाणले. मग त्यातून दुसरी गोष्टही निघते. मेल्यानंतर जर काही करता येत नसेल, तर मागे राहणाऱ्यांसाठी जे करावयाचे ते हयातीतच केले पाहिजे. श्राद्ध सोडले आणि ही तयारीही केली नाही, तर आपण अर्धेच काम केले. अनित्यता ही केवळ वंदनेच्या वेळी म्हणावयाची गोष्ट नव्हे. तिच्याप्रमाणे घराची व्यवस्था लावावी लागते.

आपल्या घरांत याचे महत्त्व अधिक का, ते पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढताना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पुढे जात पडताळणीच्या वेळी वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र असेल तर मोठा आधार मिळतो. शाळेत काम करताना दिसते की पुष्कळ पालकांनी असे कागद एकदा हुडकले, मोबाइलने त्यांचा फोटो घेतला आणि मूळ कागद कुठे ठेवला ते विसरले. आता घरचा कर्ता गेला आणि त्याचा मोबाइल उघडेना, तर मुलीच्या प्रवेशाच्या तोंडावर तिने कोणाच्या दारात जावे? एका पिढीने कष्टाने जमविलेला पुरावा दुसरीने पुन्हा पहिल्यापासून जमवावयाचा काय?

बाबासाहेबांच्याच कागदपत्रांचे उदाहरण घ्या. त्यांचे महापरिनिर्वाण 1956 साली झाले. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला तो 1979 साली. मधल्या काळात त्यांची कितीतरी अप्रकाशित हस्तलिखिते पेट्यांत बंद होती. ती कागदावर होती, म्हणून पेटी उघडल्यावर वाचता आली. मोबाइलमधल्या अक्षरांना एवढी मुदत मिळत नाही. दोन वर्षे वापर नसलेले वैयक्तिक खाते गूगल कंपनी काढून टाकू शकते. हा नियम डिसेंबर 2023 पासून अमलात आला. व्हॉट्सॲपचे खाते तर 120 दिवस वापर नसेल तर सामान्यतः मिटविले जाते. आणि रिचार्ज बंद पडला की मोबाइलचा क्रमांक कालांतराने दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो. मग बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जाणार.

तेव्हा करावे काय? फार अवघड काही नाही. एक वही आणि एक रविवार पुरेसा आहे.

प्रथम घरातील दोन शहाण्या माणसांना जवळ बसवून यादी करा. खाते कोणत्या बँकेत, विमा कोणता, ईमेल कोणता, कागदांचे फोटो कुठे, ते लिहा. आपल्यापैकी अनेकांच्या खात्यातून वर्षाला 436 रुपये जीवनज्योती विम्याचे व 20 रुपये सुरक्षा विम्याचे कापले जातात. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण घरात कोणाला ठाऊकच नसेल तर मागणार कोण?

दुसरे, बँकेत नामनिर्देशन करा. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. मात्र एक समजूत काढून टाका. नामनिर्देशित व्यक्ती ही मालक नव्हे. ती पैसे स्वीकारते, हक्क वारसांचाच राहतो. मृत्युपत्र नसेल तर, बौद्धांनाही लागू असलेल्या 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गातले वारस आहेत. दिल्या घरी गेलेली मुलगीही त्यात आली, हे विसरू नका. दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. त्यानंतरही वारसांना ती मागता येते, आणि शोध घेण्यासाठी 2023 पासून 'उद्गम' नावाचे संकेतस्थळ आहे.

तिसरे, गूगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. तुम्ही ठरविलेले महिने, कमीत कमी तीन, खाते निपचित राहिले की तुम्ही निवडलेल्या माणसांना कळविले जाते आणि तुम्ही परवानगी दिलेले फोटो व कागद त्यांना उतरवून घेता येतात. ॲपलच्या फोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. त्याला एक किल्लीसारखा संकेतांक आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. फेसबुकवरही असा माणूस नेमता येतो, किंवा आपल्या मागे खाते मिटवावे असे सांगून ठेवता येते. नेमलेल्या माणसाला तुमचे खासगी निरोप मात्र वाचता येत नाहीत. तुमच्या मुलामुलीला शेजारी बसवा. अर्ध्या तासाचे काम आहे.

चौथे, जे अगदी मोलाचे आहे ते कागदावर उतरवा. दाखले, वैधता प्रमाणपत्रे, दीक्षेच्या वेळचे जुने फोटो यांच्या प्रती काढून दोन घरांत ठेवा. मृत्युपत्र करावयाचे असेल तर तेही कागदावरच, दोन साक्षीदारांसमोर सही करून करा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्राला विजेच्या कागदाची मुभा दिलेली नाही. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, कारण ते अनेकांच्या हाती जाते. त्यांचे पाकीट वेगळे, बंद करून, एकाच विश्वासू माणसाजवळ ठेवा.

आता शीलाचा प्रश्न. मृताचा मोबाइल हाती आला, त्याचा आकडा ठाऊक आहे, म्हणून बँकेला न कळविता एका भावाने यूपीआयने पैसे काढून घेतले, तर ते काय झाले? बाकीच्यांच्या वाट्याचे, कोणी न दिलेले त्याने घेतले. पंचशीलातील दुसरे शील तिथेच मोडले. बापाच्या पुण्यानुमोदनाला परित्राणपाठ करावयाचा आणि त्याच आठवड्यात बहिणीचा वाटा गिळावयाचा, हा धम्म नव्हे. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जावे, सर्वांच्या देखत व्यवहार करावा.

तसेच प्रत्येक गोष्ट वारसा नसते. तुमच्या मोबाइलमध्ये दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतात. एखाद्या भगिनीने सासरचे दुःख कळविलेले असते, एखाद्या मित्राने उसने मागितलेले असते. ते तुमचे नव्हेच, मग मुलांना कसे देणार? ते हयातीतच पुसून टाका. काय ठेवावे आणि काय मिटवावे हे ठरविणे, यालाच सम्यक् स्मृती म्हणतात असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तथागतांनी आपल्या अखेरच्या काळात आनंदाला सांगितले की, काही शिकवण मुठीत झाकून ठेवणारा आचार्य मी नाही. सर्व काही उघड करून ते निघाले. म्हणून त्यांच्या मागे संघाला कोणाच्या मुठीकडे पाहावे लागले नाही. आपली मूठ लहान आहे, त्यात काही दाखले, थोडे पैसे आणि घरच्या माणसांचे आवाज आहेत. पण मागे राहणाऱ्या विधवेला आणि शिकणाऱ्या लेकरांना तेवढ्याचाच आधार असतो.

सुत्तातील शब्द 'योग्य वेळी' असा आहे. योग्य वेळ म्हणजे म्हातारपण नव्हे, इस्पितळातली खाट नव्हे. हात चालतात, स्मरण शाबूत आहे, घरची माणसे जवळ आहेत, हीच ती वेळ. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की वही घ्या, पत्नीला व मुलांना जवळ बसवा आणि पहिली ओळ लिहा.

नमो बुद्धाय! जय भीम!