भाकड म्हशीचा हक्क

मुक्या जनावरांवर दया करावी, हे ज्याला मान्य नाही असा मनुष्य आपल्या कोणत्याही गावात शोधूनही सापडणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळणारा शेतकरी, दुभत्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरविल्यावाचून धारेला न बसणारी घरधनीण, यांना दयेचा उपदेश करू जाणे म्हणजे माशाच्या पिलाला पोहणे शिकविण्यासारखे आहे. तथापि एक प्रश्न असा आहे की, तो आपण आपल्या मनाला सहसा विचारीत नाही. जोवर जनावर आपल्याला काही देत आहे, तोवर त्याला जपणे याला दया म्हणावे की हिशेब? दूध देणाऱ्या म्हशीपुढे सरकी-पेंड ठेवणारा हात, ती आटल्यावर तिच्यापुढे काय ठेवतो?

हा प्रश्न नुसत्या तर्काचा नाही. मुंबईच्या उपनगरांत त्याचे उत्तर कित्येक वर्षे रोज पहाटे दिले गेले आहे. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड या स्थानकांच्या आसपास म्हशींचे तबेले पिढ्यान्‌पिढ्या होते. इमारतींच्या दाटीत त्यांतले पुष्कळ नाहीसे झाले, तरी काही आजही उभे आहेत. मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा अशा उत्तम जातींच्या म्हशी दूरदूरच्या प्रांतांतून येथे येत आल्या आहेत. शहराच्या कोंदट गोठ्यांतून त्यांना मोकळ्या जागी न्यावे म्हणून १९४९ साली गोरेगावजवळ आरे येथे सरकारी दुग्धवसाहत वसविण्यात आली. दारा खुरोडी यांचे नाव त्या कामाशी कायमचे जोडलेले आहे. त्या वसाहतीने सुधारणा झाली, यात शंका नाही. पण गोठ्याची जागा बदलल्याने गोठ्याचा हिशेब बदलत नाही, आणि आपला विषय त्या हिशेबाचा आहे.

तो हिशेब असा. व्यालेली म्हैस आठ-दहा महिने चांगले दूध देते. तिचे रेडकू नीट वाढवावयाचे तर त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके दूध त्याला रोज मिळाले पाहिजे. म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर. खेड्यात ते दूध घरचे असते. शहरात त्याच्या प्रत्येक लिटराला दारात गिऱ्हाईक उभे असते. ज्या मालकाची नजर केवळ आकड्यांवर आहे त्याला रेडकू म्हणजे रोजचा तोटा दिसतो. त्यातून ते नर असले तर पुढेही त्याचा उपयोग नाही. त्याला कोणी मारीत नाही. त्याला फक्त पाजले जात नाही. थोड्या दिवसांत ते मरते, आणि 'जगले नाही' एवढे बोलून सर्वजण मोकळे होतात.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. वासरू अंगाशी आले, त्याने सडाला तोंड लावले, म्हणजे आईच्या मेंदूतील एका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि कासेत पान्हा येतो. भय वाटले किंवा वेदना झाली, म्हणजे तोच पान्हा अडतो. आपल्या बायका याला 'म्हैस पान्हा चोरते' असे म्हणतात. पण ती चोरी नव्हे, ती आईच्या देहाची रचना आहे. रेडकू मेले म्हणजे पान्हा कसा यावा? मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करतात, आणि ती बिचारी ते चाटते. त्याहून दुष्ट रीत 'फुका' नावाची. तीत जनावराच्या योनिमार्गात नळीने वारा फुंकून बळेच दूध उतरविले जाई. आता कित्येक ठिकाणी त्या नळीची जागा ऑक्सिटोसिनच्याच सुईने घेतली आहे. रेडकाचे तोंड जे काम करीत होते, ते काम त्याला उपाशी ठेवून दोन वेळा सुईकडून करून घेणे, असा हा व्यवहार आहे. पुढे म्हैस आटते. शहरात भाकड जनावराला महिनोन्‌महिने विकतची वैरण घालणे परवडत नाही. काही मालक अशा म्हशी खेड्यापाड्यांत चारणीला पाठवितात. परंतु बहुतेकींची वाट कत्तलखान्याकडे जाते.

सर्वच गवळी असे करतात, असे मात्र कोणी समजू नये. रेडकाला पोटभर पाजून मग चरवी हातात घेणारे मालकही आहेत. जे तसे करीत नाहीत ते तरी राक्षस आहेत काय? त्यांच्यावर जागेच्या भाड्याचे व वैरणीच्या भावाचे ओझे आहे, आणि दारात प्रत्येक रुपयासाठी घासाघीस करणारे गिऱ्हाईक आहे. क्रौर्य नेहमी द्वेषातूनच येते असा आपला समज असतो. वस्तुतः ते पुष्कळदा परवडण्या-न-परवडण्याच्या हिशेबातून येते. द्वेष करणारा मनुष्य निदान त्या जनावराकडे पाहतो तरी. हिशेब करणारा त्याच्याकडे पाहतही नाही.

कायद्याने या गोष्टीकडे पूर्वीच लक्ष दिले. फुक्याला १८९० च्या कायद्यानेच शिक्षा ठरविली होती. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा प्रश्न धरून लावला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा नवा कायदा झाला. दूध वाढविण्यासाठी फुका किंवा प्रकृतीला अपाय करणारी सुई वापरणाऱ्यास त्याच्या १२ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि जनावर सरकारजमा होते. आपल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, हादेखील त्या कायद्याने क्रूरपणाच ठरविला आहे. पण अशा पहिल्या अपराधाला दंड ठरविला तो १० ते ५० रुपये! आज ५० रुपयांत मुंबईत म्हशीचे लिटरभर दूधसुद्धा मिळत नाही. यावरून उघड होते की, कायदा मनुष्याला दारापर्यंत आणून सोडील; आत शिरण्याचे काम ज्याचे त्यानेच केले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, "माणसांच्या पोरांना पोटभर मिळत नाही, आणि तुम्ही रेडकांचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, तो करणारा बहुधा स्वतः उपाशी राहिलेला असतो. परंतु दया ही कणगीतील धान्यासारखी नाही, की जनावराला शेरभर दिली तर माणसाला शेरभर कमी पडावी. १८२४ साली लंडनमध्ये प्राणिरक्षणाची पहिली मोठी संस्था निघाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारे विल्बरफोर्स होते. १८७४ साली न्यूयॉर्क शहरात मेरी एलन नावाच्या एका मुलीला घरात कोंडून मारहाण होत असल्याचे एका मिशनच्या कामकरी बाईने पाहिले. एटा व्हीलर हे तिचे नाव. तिने दारोदार मदत मागितली, पण कोणी पुढे येईना. अखेर ती प्राणिरक्षण संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेली, आणि घोड्याबैलांसाठी भांडणाऱ्या त्या गृहस्थांच्या साहाय्याने ते प्रकरण न्यायालयात जाऊन मुलीची सुटका झाली. त्यातूनच पुढे लहान मुलांच्या रक्षणाची संस्था उभी राहिली. त्याच १८७४ साली आपल्या मुंबईतही प्राणिरक्षणाची संस्था स्थापन झाली, आणि सुमारे दहा वर्षांत सर दिनशा पेटिट यांच्या देणगीने परळ येथे त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले. ज्याचे डोळे मुक्याचे दुःख पाहावयास शिकले, त्याला बोलणाऱ्याचे दुःख अधिकच लवकर दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोशेच्या नियमशास्त्रात विसाव्याचा दिवस मालकाबरोबर त्याच्या बैलाला आणि गाढवालाही दिला आहे. विचार करा, त्या दिवशी तो बैल मालकाला काय देतो? काहीच नाही, उलट वैरण मात्र खातो. एकनाथांनी रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून आणलेले गंगेचे पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले, ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक आहे. ते गाढव नाथांचे नव्हते, आणि त्याने पुढे त्यांचे ओझेही वाहिले नाही. दोन्ही ठिकाणी सांगणे एकच आहे. जेथे परतफेड संपते, तेथून दयेचा आरंभ होतो. त्याच्या अलीकडे जे आहे ते चांगले असेल, शहाणपणाचे असेल, पण ती काटकसर आहे.

हे लिहिताना मी स्वतःला वगळू शकत नाही. लहानपणी आमच्या घरी एक म्हैस होती, आणि तिला वैरण घालणे हे माझे काम होते. ती आटली तेव्हा मी हिरवा चारा गाईला घालून गाईने उष्टावलेली चिपाडे म्हशीपुढे टाकू लागलो. मला कोणी तसे सांगितले नव्हते. माझ्या बालबुद्धीनेच तो हिशेब केला होता. आईने ते पाहिले. तेव्हा आमची आजी अंथरुणाला खिळलेली होती. आई एवढेच म्हणाली, "आजीचे काम सुटले, म्हणून तिच्या ताटातली भाकरी मी कमी केली का रे?" मी लाजलो, आणि दुसऱ्या दिवसापासून वाटणी सारखी केली. गोष्ट येथेच थांबती तर बरे झाले असते. पण ती म्हैस पुन्हा गाभण राहिली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी ती एका व्यापाऱ्याला विकली. तो तिला कोठे नेणार, हे वडिलांनी विचारले नाही, आईने विचारले नाही, मीही विचारले नाही. त्या पैशांतून माझ्या शाळेची फी भरली गेली. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग होता असे मला आजही वाटत नाही. परंतु आम्ही विचारले नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून जो मारीत नाही, पण ज्याच्या सोयीसाठी मार बसतो, तो निर्दोष आहे काय, या प्रश्नाला मला 'होय' असे उत्तर देववत नाही. गांधीजींनी गाईम्हशींवर होणारे हे अत्याचार वाचले आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय वाडीवर दूध सोडले. पुढे कठीण दुखण्यात पत्नीच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि आपल्या हातून व्रताचे केवळ अक्षर पाळले गेले, हे आत्मकथेत उघड कबूल केले. सर्वांनी दूध सोडावे, असे मी म्हणत नाही. ते सोडूनही एवढ्या मोठ्या मनुष्याला पूर्ण समाधान लाभले नाही. पण पेल्यातील दूध कोठून आले हे त्यांनी विचारले, आणि तेवढे विचारणे आपणा सर्वांच्या शक्तीतले आहे.

भाकड म्हशीचा हक्क तो कोणता? तिने कधी मरू नये, हा नव्हे. गरिबाने स्वतः उपाशी राहून तिला जन्मभर पोसावे, हाही नव्हे. तिचा हक्क इतकाच की, दूध संपले म्हणून ती आपल्या दृष्टीआड होऊ नये. ती आपल्या दावणीला आहे तोवर तिला पोटभर चारा, पाणी आणि सावली मिळावी. आणि ती दावणीवरून सोडताना, कोणाच्या हाती व कोठे, हे आपण विचारावे.

उपदेशक बंधूंनो, हे मुलांना शिकविताना व्याख्यान देऊ नका. त्यांना गोठ्यात न्या. चार सडांपैकी एक वासरासाठी राखण्याची आपली जुनी चाल त्यांच्याकडून पाळून घ्या. बैलाच्या मानेवर जूं घासून कातडे सोलले आहे की नाही, ते त्यांना स्वतःच्या बोटांनी चाचपू द्या. उन्हाचा पारा ३७ अंशांवर चढतो तेथे दुपारी १२ ते ३ ओझ्याचे जनावर जुंपू नये आणि दिवसाकाठी ९ तासांहून अधिक काम घेऊ नये, असा १९६५ चा सरकारी नियम आहे, तो त्यांना पाठ करवा. आणि ज्यांची मुले कामासाठी मुंबईकडे जाऊन अंधेरी-मालाडच्या चाळींत राहतात, त्यांनी त्यांना पत्रात एक ओळ अधिक लिहावी की, दारात दूधवाला आला म्हणजे भाव विचारण्याआधी त्याला विचारा, "रेडकू कसे आहे?"

पहिल्या दिवशी तो हसेल. दुसऱ्या दिवशी कदाचित रागावेल. पण दहा दारांत हाच प्रश्न होऊ लागला, म्हणजे अकराव्या दाराशी जाण्यापूर्वी तो आपल्या गोठ्यात एकदा वळून पाहील. दया तेवढ्याने पुरी होत नाही, हे खरे. पण वळून पाहिल्यावाचून तिचा आरंभही होत नाही.