ऐब आणि पडदा

चिंचपोकळीहून पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावर आम्हाला एकदा एक विचित्र गाडी दिसली. अंगभर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांची नक्षी, कंपनीचे नाव नाही की खूण नाही. मुलगा म्हणाला, "अब्बा, ही अजून बाजारात यायचीय."

पिंपरी-चाकणकडे मोटारींचे कारखाने आहेत. नवी गाडी विकण्याआधी खऱ्या रस्त्यावर चालवून पाहावी लागते आणि तोवर तिचा घाट इतरांना कळू द्यायचा नसतो. चादर पांघरून तर गाडी चालवता येत नाही! म्हणून ही चिकटवलेली नक्षी. कडा, उतार, वळणावरची सावली तिच्यात हरवतात, फोटो काढला तरी आकार नीट हाती लागत नाही. युक्ती जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, नॉर्मन विल्किन्सन या इंग्रज चित्रकाराने जहाजांवर असे भडक पट्टे सुचवले. जहाज त्याने लपत नसे, पण त्याची दिशा आणि वेग ताडताना पाणबुडीवाल्याने चुकावे, एवढाच हेतू होता.

हा खोटेपणा म्हणावा का? आम्हाला तसे वाटत नाही. ही गाडी लपवते, पण लपवते आहे हे ओरडून सांगते. शिवाय अजून सौदा कुठे झालाय?

हजरत पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटे ओली झाली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. भिजणे हा त्याचा गुन्हा नव्हताच.

आम्ही एका गॅरेजवाल्याकडून जुनी गाडी घेतली होती. रंग आरशासारखा. पहिल्याच पावसाळ्यात दाराखालची लांबी फुगून गळली आणि आत गंजलेला पत्रा निघाला. त्या माणसाला आम्ही खूप शिव्या घातल्या. पुढे तीच गाडी विकायला काढली, तेव्हा पुन्हा लांबी भरून, रंग मारून उभी केली. पहिल्या गिऱ्हाइकाला आम्ही काही बोललो नाही. सौदा भावावरून फिसकटला, आमच्या ईमानामुळे नव्हे. दुसरा आला, गाडीभोवती फिरला, खूश झाला. त्याला मात्र वाकून दाराखाली बोट लावायला सांगितले. त्याने पाच हजार कमी केले.